आपलंच कोणतं गाणं आपल्याला आवडतं?



स्नेहमेळाव्याच्या तयारीच्या बैठकीत ठरलं, की संध्याकाळच्या कार्यक्रमात आमच्या जुन्या ‘बँड’ने एक गाणं म्हणायचं. बँड हा शब्द मोठा आहे. एक पेटी, एक ढोलकी, एक खंजिरी आणि एक गाणारा, एवढाच आमचा संसार. बैठकीत सगळे एका आवाजात म्हणाले, “भोंग्याचंच म्हणा!” राहुरी फॅक्टरीचा भोंगा ऐकून घरातून निघालेली आणि शाळेची घंटा चुकलेली पोरं, हा त्या गाण्याचा विषय. १९८७ च्या स्नेहसंमेलनात ते गाणं दोनदा म्हणावं लागलं होतं, हे अनेकांना आठवत असेल. पण बैठकीत आम्ही तिघं एकमेकांकडे बघून गप्प राहिलो. आमचं आवडतं गाणं ते नव्हतंच. आमचं आवडतं गाणं दुसरं, संथ चालीचं. त्याला त्या दिवशी जेमतेम टाळ्या पडल्या होत्या.

संपादक मंडळाने माझ्याकडे इतिहासाचा लेख मागितला. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, तेव्हा गावाच्या इतिहासावर लिहीन अशी त्यांची अपेक्षा असावी. पण त्या बैठकीपासून डोक्यात हाच प्रश्न घोळतो आहे. लोकांना आवडणारं गाणं आणि ते बांधणाऱ्यांना आवडणारं गाणं, ही दोन वेगळी का असतात? या प्रश्नालाही इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातल्याच एका शाळेपर्यंत जातो.

काही वर्षांपूर्वी मी शाळेची सहल घेऊन महाबळेश्वर-पाचगणीला गेलो होतो. पसरणीचा घाट चढून गाडी पाचगणीत शिरली तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी इथंच शिकला.” २०१८ साली त्याच्यावरचा ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ हा चित्रपट आला होता, त्यामुळे मुलांना तो माहीत होता. मला नाव तेवढं ऐकून माहीत होतं. घरी आल्यावर वाचायला घेतलं, मुलांकडून गाणी मागून ऐकली, आणि त्यात रमलो.

फ्रेडी मर्क्युरीचं मूळ नाव फारुख बुलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील तिथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत. आठेक वर्षांच्या फारुखला त्यांनी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात पाठवलं. घर समुद्रापलीकडे, सुट्टीत मुंबईच्या नातेवाइकांचा आधार. फारुखचा ‘फ्रेडी’ झाला तो याच शाळेत. तो पियानो शिकला तोही इथेच.

१९५८ च्या सुमारास वसतिगृहातल्या पाच मुलांनी मिळून एक बँड काढला, ‘द हेक्टिक्स’. फ्रेडी त्यात पियानो वाजवायचा. पुढे गाणारा हा दुसराच मुलगा असे. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड अशांची त्या काळची गाजलेली गाणी ही मुलं शाळेच्या कार्यक्रमांत वाजवत. पाचांपैकी व्हिक्टरी राणा पुढे नेपाळच्या सैन्यात जनरल झाला, डेरिक ब्रांच इंग्लंडमध्ये नट झाला. शाळेच्या बँडमधलं कोण पुढे काय होईल ते कुणाला सांगता येतं?

हेक्टिक्सच्या मुलांना “तुमचं स्वतःचं आवडतं गाणं कोणतं?” असं विचारता आलं नसतं, कारण ती दुसऱ्यांची गाणी वाजवत होती. हा प्रश्न विचारण्यासाठी आधी गाणं स्वतःचं असावं लागतं. आपल्याकडच्या रॉक बँडना तिथवर पोहोचायला बराच काळ गेला. १९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ हा बँड सुरू झाला. त्या काळी अशा कार्यक्रमांना येणारे श्रोते विलायती बँडची ओळखीची गाणीच ऐकायला येत. रॉक मशीनने १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला आणि १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ असं नाव घेतलं. त्याच सुमारास आपल्या देवळाली प्रवरेत आम्ही चौघं स्वतःची गाणी बांधत होतो. त्यांची आमची बरोबरी नाही, हे सांगायला नको. पण “आपलं गाणं लोक ऐकतील का?” ही पोटातली धाकधूक तीच असणार.

फ्रेडीकडे परत येऊ. १९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासोबत फ्रेडीने ‘क्वीन’ उभा केला. पुढच्या वर्षी जॉन डीकन आला आणि चौघं पुरे झाले. या बँडचं एक वैशिष्ट्य असं, की चौघंही गाणी लिहीत. त्यामुळे कोणतं गाणं चांगलं, हा वाद घरातच असे.

त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं म्हणजे १९७५ सालचं ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद. एवढं लांब गाणं रेडिओवर कोण लावणार, असं कंपनीच्या लोकांना वाटत होतं. मधल्या ऑपेरासारख्या भागात फ्रेडी, मे आणि टेलर यांनी आपलेच आवाज पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून एकावर एक चढवले. तेवढ्या भागालाच सुमारे ३ आठवडे लागले. पुढे हे गाणं इंग्लंडच्या यादीत ९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. २४ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडी गेला, त्यानंतर ते पुन्हा पहिलं आलं.

मग फ्रेडीचं स्वतःचं आवडतं गाणंही हेच असेल ना? त्याने मुलाखतीत सांगितलेलं वेगळंच आहे. लेखनाच्या दृष्टीने त्याला त्याहून उजवं वाटे ते १९७६ मधलं ‘समबडी टू लव्ह’. ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, पहिलं आलं नाही. दिवसभर राबून मोडलेला माणूस गुडघे टेकून देवाला विचारतो, की माझ्यावर प्रेम करणारं कुणीच का नाही, असा त्याचा आशय. चाल अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या सामूहिक गायनाच्या वळणाची. आपल्या भजनी मंडळात बुवा एक ओळ सोडतो आणि टाळकरी ती उचलून धरतात ना, तशी. फ्रेडीला अरीथा फ्रँकलिन या गायिकेचा फार आदर होता आणि तिच्यासारखं काहीतरी करायचं त्याच्या मनात होतं. ऐकताना मोठा गायकवृंद गातो आहे असं वाटतं, पण आवाज त्या तिघांचेच आहेत, एकावर एक चढवलेले.

बाकीच्यांची मतं फ्रेडीसारखीच होती का? नाही. फ्रेडीचं ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’ हे गाणं आज लग्नाच्या वरातीतही वाजतं, पण ब्रायन मेला ते सुरुवातीला मनापासून रुचलं नव्हतं. त्या गाण्यातली बेफिकिरी त्याला मित्राच्या काळजीपोटी खटकत होती. जॉन डीकनने बायकोसाठी ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’ लिहिलं. त्यातला इलेक्ट्रिक पियानो फ्रेडीला अजिबात आवडेना, म्हणून तो डीकनने स्वतः वाजवला. ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’च्या तबकडीच्या मागच्या बाजूला रॉजर टेलरचं मोटारीवरच्या प्रेमाचं गाणं होतं. तबकडी विकली गेली की दोन्ही बाजूंच्या गीतकारांना सारखेच पैसे मिळत, त्यामुळे मागच्या बाजूच्या गाण्यानेही टेलरला भरपूर पैसे दिले आणि त्यावरून धुसफूस झाली. अखेर १९८९ च्या ‘द मिरॅकल’ या अल्बमपासून त्यांनी ठरवलं, की गाणं कुणीही लिहिलेलं असो, नाव चौघांचं लागेल. सामाईक बांधावरून भांडणाऱ्या भावांनी सातबारा एकत्र ठेवावा, तसं.

हे फक्त क्वीनचंच नाही. ‘लेड झेपेलिन’ म्हटलं की लोकांना १९७१ चं ‘स्टेअरवे टू हेवन’ आठवतं. त्यांचा गायक रॉबर्ट प्लँट मात्र ‘काश्मीर’ या गाण्याला अधिक मान देतो. नावात काश्मीर असलं तरी ते सुचलं मोरोक्कोच्या वाळवंटातल्या रस्त्यावर. आपल्या गाजलेल्या गाण्याला प्लँट इतका कंटाळला होता, की ते पुन्हा लावणार नाही असं आश्वासन देणाऱ्या एका रेडिओ केंद्राला त्याने देणगी दिली होती. ‘बीटल्स’च्या पॉल मॅकार्टनीचं ‘यस्टरडे’ जगभर असंख्य गायकांनी गायलं, पण आवडतं गाणं विचारलं की तो बहुतेक वेळा १९६६ च्या ‘हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर’चं नाव घेतो.

असं का होत असावं? मला सुचलेलं उत्तर साधं आहे. ऐकणारा गाण्याला आपल्या आयुष्यातली जागा देतो: कुणाबरोबर ऐकलं, तेव्हा आपण किती वर्षांचे होतो. बांधणाऱ्याला मात्र ते कसं झालं हे आठवतं: कुठे अडलं, कुणी सोडवलं, मनात होतं त्यातलं किती हाती लागलं. ऐकणाऱ्यांच्या आवडीची नोंद राहते. यादीतले आठवडे मोजता येतात. बांधणाऱ्याची आवड त्याने सांगितली तरच कळते. तो गेला की ती गेली. इतिहासाच्या भाषेत बोलायचं, तर पहिल्या गोष्टीला दफ्तर आहे आणि दुसरीला फक्त साक्षीदार.

म्हणून आमच्या दुसऱ्या गाण्याची साक्ष इथे नोंदवतो. आमचा ढोलकीवाला तुम्हाला आठवतो का? नववीत दिवाळीनंतर तो आपल्या वर्गात आला. आई-वडील ऊसतोडीला आले होते, फॅक्टरीजवळ त्यांची कोपी होती. गाळप हंगाम संपला तेव्हा तो गेला आणि दहावीला परत आला नाही. त्या संथ गाण्याची चाल त्याच्या आईच्या ओवीची आहे. त्याने ती पाटाच्या कडेला बसून आम्हाला शिकवली, आणि हंगाम संपल्यावर रिकाम्या होणाऱ्या कोप्यांवरचे शब्द आम्ही तिघांनी जुळवले. बदलत्या तालाला त्या चालीत कुठे बसवायचं, यात आमचे आठ दिवस गेले. म्हणून ते आमचं आवडतं.

दोन वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या तळावर, टायरगाड्यांच्या गर्दीत, तो मला भेटला. आता तो मुकादम आहे. चहा घेताना मी विचारलं, “आपलं कोणतं गाणं तुला जास्त आवडायचं रे?” मला वाटलं, तो आईच्या ओवीचं नाव घेईल. तो हसून म्हणाला, “आरं, भोंग्याचंच की! त्या गाण्याला सगळी पोरं हसली, तवा मला पहिल्यांदा वाटलं, मी बी तुमच्याच वर्गातला हाय.”

मी गप्प झालो. इतकी वर्षं मी “आमचं आवडतं गाणं” असं म्हणत होतो, त्यातल्या ‘आमचं’मध्ये तो नव्हताच. टाळ्या मिळालेलं गाणं हलकं, असंही मी मनाशी धरून बसलो होतो. ज्याच्या घरातली चाल आम्ही मिरवत होतो, त्याला त्या टाळ्यांनीच आपलंसं केलं होतं.

तर मेळाव्याच्या संध्याकाळी आम्ही आधी तुमचं आणि त्याचं भोंग्याचं गाणं म्हणू, मग आम्हा तिघांचं. फोनवर त्याने येतो म्हणून सांगितलं आहे. ढोलकी तेवढी चांगली ओढून ठेवा म्हणाला.

संपादक मंडळाला एक विनंती. या स्मरणिकेच्या शेवटी आपल्या बॅचची यादी आहे. ती दहावीच्या निकालावरून केलेली असल्यामुळे त्याचं नाव तिच्यात नाही. छपाईला जाण्याआधी ते घालावं. तो आपल्या वर्गात एकच हिवाळा होता, पण होता.