कोअर डेटा : डेटा मॉडेल

कोअर डेटा : अ‍ॅपलच्या उपकरणांवरील अ‍ॅपमध्ये माहिती टिकवून ठेवण्यासाठी वापरली जाणारी सॉफ्टवेअर चौकट. तिची मुळे नेक्स्ट कंपनीच्या एंटरप्राइज ऑब्जेक्ट्स फ्रेमवर्कमध्ये आहेत. मॅकवर ती २००५ मध्ये ‘टायगर’ आवृत्तीबरोबर आली, आयफोनवर २००९ मध्ये. ती स्वतः डेटाबेस नाही. प्रत्यक्षात माहिती बहुधा एसक्यूलाइटच्या फाइलमध्ये उतरते.

मांडणी : एक्सकोड या अ‍ॅपलच्या विकसन-साधनातील मॉडेल एडिटरमध्ये एंटिटी (नोंदींचे प्रकार), त्यांचे गुणधर्म आणि परस्परसंबंध ठरवतात. ग्रंथालयाच्या अ‍ॅपमध्ये ‘लेखक’ व ‘पुस्तक’ या दोन एंटिटी असतील, तर लेखकाकडून पुस्तकांकडे जाणारा संबंध अनेकपदरी आणि पुस्तकाकडून लेखकाकडे येणारा उलट संबंध एकपदरी (एका पुस्तकाचा एकच लेखक धरल्यास). उलट संबंध न नोंदल्यास एक्सकोड इशारा देते. तो दुर्लक्षू नये. लेखकाची नोंद पुसल्यावर पुस्तकांचे काय करायचे, हे डिलीट रूल ठरवतो : ‘नलिफाय’ केवळ दुवा तोडतो, ‘कॅस्केड’ पुस्तकेही पुसतो, ‘डिनाय’ पुस्तके शिल्लक असेपर्यंत लेखक पुसू देत नाही. ‘नो अ‍ॅक्शन’ क्वचितच वापरावा.

एसक्यूलाइटची फाइल उघडून पाहिल्यास तक्त्यांची व स्तंभांची नावे ‘झेड’ने सुरू झालेली दिसतात. तारखा १ जानेवारी २००१ पासूनच्या सेकंदांत असतात. त्या १९७० पासूनच्या समजून वाचल्यास सुमारे ३१ वर्षांची चूक होते.

आवृत्त्या व स्थलांतर : मॉडेलचा सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. एंटिटींच्या रचनेवरून काढलेले हॅश साठवणीच्या फाइलमध्ये नोंदलेले असतात. अ‍ॅप सुरू होताना ते चालू मॉडेलशी ताडून पाहिले जातात. न जुळल्यास आणि स्थलांतराची (जुनी माहिती नव्या रचनेत आणण्याची) सोय नसल्यास साठवण उघडत नाही, १३४१०० क्रमांकाची त्रुटी येते. गुणधर्माची डीफॉल्ट किंमत बदलल्याने हॅश बदलत नाही. नाव किंवा प्रकार बदलल्यास बदलतो. त्यामुळे प्रकाशित झालेल्या मॉडेलला हात न लावता नवी आवृत्ती जोडून बदल तिच्यात करतात. ऐच्छिक गुणधर्म वाढवण्यासारखे साधे बदल हलक्या स्थलांतरात आपोआप निभावतात.

धोका नाव बदलण्यात आहे. ‘नाव’ या गुणधर्माचे ‘शीर्षक’ केले आणि रीनेमिंग आयडीमध्ये जुने नाव लिहिले नाही, तर एक गुणधर्म काढला व दुसरा नव्याने घातला, असा अर्थ लावला जातो. ‘शीर्षक’ ऐच्छिक असेल तर स्थलांतर बिनबोभाट पार पडते, त्रुटी येत नाही, आणि वापरकर्त्याने टंकलेली सर्व शीर्षके जातात. रिकाम्या सिम्युलेटरवर ही चूक दिसत नाही. जुन्या आवृत्तीत खरी माहिती भरून त्यावर नवी आवृत्ती बसवूनच चाचणी घ्यावी.

क्लाउडकिट (अ‍ॅपलची क्लाउड सेवा) : २०१९ पासून कोअर डेटाशी जोडणी उपलब्ध. सर्व संबंध ऐच्छिक असावे लागतात.

उत्तरकाल : २०२३ मध्ये आलेल्या स्विफ्टडेटात मॉडेल थेट स्विफ्ट कोडमध्ये लिहितात, तिची मूळ साठवण मात्र कोअर डेटावरच चालते. कोअर डेटा वापरणाऱ्या प्रकल्पातून जुन्या मॉडेल-आवृत्त्या काढू नयेत; अनेक महिने अ‍ॅप अद्ययावत न केलेल्या वापरकर्त्याची माहिती त्यांच्याविना उघडता येत नाही.