व्हिएतनामी भाषेचा अभ्यास आणि शिवचरित्रविषयक एका लोकसमजाची चिकित्सा

प्रस्तावना :
कोल्हापूर शहरातील शिवाजी पेठ ही शिवछत्रपतींच्या नावाने ओळखली जाणारी जुनी वस्ती आहे. निवृत्ती चौकातील शिवरायांचा अर्धपुतळा, तालमी, तरुण मंडळे आणि शिवजयंतीचा उत्साह यांमुळे येथील सामान्य माणसाच्या बोलण्यातही शिवचरित्र सहज येते. अशा बोलण्यातून आणि व्याख्यानांतून महाराष्ट्रभर पसरलेली एक कथा येथेही ऐकावयास मिळते. व्हिएतनामने अमेरिकेसारख्या बलाढ्य सत्तेला शिवरायांच्या गनिमी काव्याच्या बळावर नमविले आणि तेथील राष्ट्राध्यक्षांच्या समाधीवर 'शिवरायांचा एक मावळा' अशा अर्थाचा मजकूर कोरला आहे, असे त्या कथेत सांगितले जाते. काही वेळा त्या देशाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी रायगडाची माती कपाळी लावून मायदेशी नेल्याचीही जोड त्यास दिली जाते. ही कथा सांगणाऱ्यांची भावना निर्मळ असते. तथापि इतिहासाच्या अभ्यासकापुढे प्रश्न उभा राहतो तो पुराव्याचा. हा पुरावा असलाच तर तो व्हिएतनामी भाषेत असणार, आणि ती भाषा वाचणारा अभ्यासक मराठीत क्वचितच आढळतो.

उद्दिष्टे :
१. सदर लोकसमजाची उपलब्ध साधनांच्या आधारे तपासणी करणे.
२. व्हिएतनामी भाषा व लिपी यांच्या इतिहासाचा परिचय करून देणे.
३. मराठी इतिहास-अभ्यासकांसाठी या भाषेच्या अल्पमुदतीच्या अभ्यासाची उपयुक्तता पाहणे.

परभाषा आणि शिवचरित्र :
शिवचरित्राच्या संशोधनात परभाषेचे महत्त्व प्रथमपासून मान्य झालेले आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करून अस्सल कागदांचा आग्रह धरला. सर जदुनाथ सरकार यांनी बंगालीभाषक असूनही मराठी, फार्सी आदी भाषांतील साधने अभ्यासून १९१९ मध्ये शिवचरित्र सिद्ध केले. गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज दप्तरे धुंडाळली. खुद्द कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी 'शिवाजी द ग्रेट' या ग्रंथात डच कंपनीच्या नोंदींचा उपयोग केला. म्हणजे ज्या भाषेत साधन असेल त्या भाषेपर्यंत जाणे, ही कोल्हापूरच्या इतिहासलेखनाची स्वतःची परंपरा आहे. व्हिएतनामविषयक कथेला हाच निकष लावावयास हवा.

व्हिएतनामी भाषा व लिपी :
व्हिएतनामी ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातील भाषा असून प्रमाण उच्चारात तिच्यात सहा स्वर आहेत. येथे स्वर म्हणजे आवाजाची चढउतार. 'मा' हा एकच उच्चार स्वर बदलताच भूत, आई, 'पण', घोडा, भाताचे रोप किंवा कबर असे वेगवेगळे अर्थ देतो. या भाषेत 'मी' आणि 'तू' यांसाठी बहुधा नात्याचे शब्द वापरतात. त्यासाठी समोरच्याचे वय व मान यांचा अंदाज आधी घ्यावा लागतो. हो ची मिन्ह यांना तेथील जनता 'बाक हो' म्हणते. 'बाक' म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ. आबा, दादा, काका या संबोधनांत वाढलेल्या कोल्हापूरकरास ही पद्धत परकी वाटणार नाही.

लिपीचा इतिहास मात्र गुंतागुंतीचा आहे. अनेक शतके राजकारभार व विद्वत्ता यांचे लेखन अभिजात चिनी भाषेत होत असे. देशी बोलीसाठी चिनी अक्षरांच्या धर्तीवर 'नोम' ही लिपी घडली. सतराव्या शतकात येशूसंघीय धर्मोपदेशकांनी रोमन अक्षरांवर आधारित लेखनपद्धती विकसित केली. तिलाच पुढे 'क्वोक न्गू' हे नाव मिळाले. या पद्धतीतील पहिला मोठा शब्दकोश अलेक्झांडर द ऱ्होड्स याने १६५१ मध्ये रोम येथे छापविला. हा धर्मोपदेशक १६१९ मध्ये प्रथम गोव्यात उतरला होता. त्याच गोव्यात फादर स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. पुढे फ्रेंच राजवटीत रोमन लिपीस प्राधान्य मिळाले आणि १९१९ मध्ये जुन्या राजपरीक्षा बंद झाल्या. परिणामी आजच्या व्हिएतनामी पदवीधरास स्वतःच्या पणजोबांचे कागद वाचता येत नाहीत. मोडी दप्तरासमोर बसलेल्या मराठी विद्यार्थ्याची अवस्थाही यापेक्षा वेगळी नसते.

लोकसमजाची तपासणी :
प्रथम समाधीचा विचार करू. हो ची मिन्ह यांचे निधन २ सप्टेंबर १९६९ रोजी झाले. हनोई येथील बा दिन्ह चौकातील त्यांची समाधी १९७३ ते १९७५ या काळात बांधली गेली. तिच्या दर्शनी भागावर 'अध्यक्ष हो ची मिन्ह' एवढ्याच अर्थाची अक्षरे आहेत. शिवाय त्यांनी मागे लिखित मृत्युपत्र ठेवले आहे. आपल्या देहाचे दहन करून रक्षा देशाच्या उत्तर, मध्य व दक्षिण भागांत ठेवावी, अशी त्यांची इच्छा होती. ती पाळली गेली नाही आणि मृत्युपत्रातील हा भाग जाहीर झाला तो १९८९ मध्ये. ज्याला स्वतःची समाधीच नको होती, त्याने तिच्यावरील मजकूर सांगून ठेवला असेल, हे संभवत नाही.

दुसरा मुद्दा युद्धतंत्राचा. व्हिएतनामी परंपरेत या तंत्राचे स्वतंत्र आणि जुने दाखले आहेत. तेराव्या शतकात त्रान हुंग दाओ याने मोंगोल सैन्याशी थेट लढाई टाळून त्यांची रसद तोडली आणि १२८८ मध्ये बाख दांग नदीच्या पात्रात टोकदार खांब रोवून ओहोटीच्या वेळी शत्रूचे आरमार अडकविले. ले लोई याने १४१८ ते १४२७ या काळात लाम सोनच्या डोंगराळ मुलखातून मिंग सत्तेशी झुंज दिली. हे दोन्ही पुरुष शिवरायांच्या पूर्वीचे आहेत. विसाव्या शतकातील सेनापती व्हो न्गुयेन जाप हे मूळचे इतिहासाचे शिक्षक होते, त्यामुळे ही परंपरा त्यांना अवगत होती. तिच्या जोडीला माओच्या दीर्घकालीन युद्धाच्या सिद्धान्ताचा प्रभावही अभ्यासकांनी दाखविला आहे.

डोंगर, रसद आणि लोकांचा पाठिंबा यांवर आधारलेले तंत्र सह्याद्रीत आणि लाम सोनमध्ये स्वतंत्रपणे विकसित होणे शक्य आहे. साम्य म्हणजे ऋण नव्हे. याचे दुसरे उदाहरण चंपा राज्याचे आहे. आजच्या मध्य व दक्षिण व्हिएतनाममध्ये शतकानुशतके नांदलेल्या या राज्याच्या दक्षिण भागाचे नाव 'पांडुरंग' होते. आजचे फान रांग हे नाव त्यातूनच आले आहे. मी सोन येथील शिवमंदिरे व संस्कृत शिलालेख भारतीय संपर्काची साक्ष देतात. परंतु केवळ नावावरून त्या पांडुरंगाचा संबंध पंढरपूरशी जोडणे हे इतिहासाच्या शिस्तीत बसणारे नाही.

अल्पमुदतीच्या अभ्यासाची उपयुक्तता :
अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात आग्नेय आशियाई भाषांचे आठ आठवड्यांचे उन्हाळी वर्ग चालतात व त्यांत वर्षभराचा अभ्यासक्रम पूर्ण करून घेतला जातो. व्हिएतनाममधील विद्यापीठांतही परदेशी विद्यार्थ्यांसाठी अल्पमुदतीचे भाषावर्ग आहेत. एका उन्हाळी सुट्टीत नोम किंवा अभिजात चिनी साधनांपर्यंत पोहोचता येणार नाही. मात्र प्रस्तुत प्रश्नासाठी लागणारी बहुतेक साधने रोमन लिपीत आहेत. हो ची मिन्ह यांच्या समग्र वाङ्मयाची २०११ ची आवृत्ती पंधरा खंडांची आहे. अक्षरओळख, नात्याची संबोधने आणि शब्दकोश हाताळण्याची सवय एवढ्या शिदोरीवर त्यांतील नावे शोधता येतात. तेथे 'शिवाजी' हे नाव आपल्या ओळखीच्या रूपात सापडेलच असे नाही. जुन्या व्हिएतनामी छपाईत परकीय नावे उच्चारानुसार तोडून लिहीत. नेहरूंचे नाव 'ने-रू' असे येते. हे ज्याला ठाऊक नाही, त्याने 'नाव सापडले नाही' असे म्हटल्यास त्या म्हणण्यालाही किंमत उरत नाही. भाषेचे ज्ञान कथा खोडून काढण्यासाठी जितके आवश्यक आहे, तितकेच ती सिद्ध करण्यासाठीही आवश्यक आहे.

निष्कर्ष :
१. समाधीवरील मजकुराची कथा समाधीवरील प्रत्यक्ष अक्षरे व मृत्युपत्र यांच्याशी जुळत नाही. अस्सल साधन पुढे येईपर्यंत तिला इतिहास म्हणता येणार नाही.
२. व्हिएतनामी जनतेच्या लढ्याची मुळे तिच्या स्वतःच्या इतिहासात स्पष्टपणे दाखविता येतात. त्याचे श्रेय अन्यत्र देणे हा त्या जनतेवर अन्याय ठरतो.
३. शिवरायांचे कर्तृत्व मराठी, फार्सी, पोर्तुगीज, डच व इंग्रजी साधनांनी सिद्ध झालेले आहे. त्यास निराधार परकीय प्रशस्तिपत्राची गरज नाही. उलट असे एक प्रशस्तिपत्र खोटे ठरल्यास खऱ्या साधनांवरही संशय घेतला जातो.
४. शिवाजी पेठेसारख्या वस्तीतील महाविद्यालयीन विद्यार्थ्याने एक सुट्टी व्हिएतनामी भाषेस दिल्यास ले लोई आणि शिवराय यांचा तौलनिक अभ्यास मूळ साधनांवरून सुरू होऊ शकेल. डॉ. बाळकृष्ण यांनी डच नोंदींच्या बाबतीत घालून दिलेला पाठ पुढे नेण्याचा तो एक मार्ग ठरेल.