गोळीमागची शाई

रिफिल घेताना आपण सगळे सारखेच वागतो. दुकानदार एखादं जुनं बिल उलटं करून पुढे सरकवतो, त्यावर आपण आधी गोल गोल गिरवतो आणि मग सही करून बघतो. ‘स्मूद चालते का?’ एवढंच बघायचं असतं. चालली तर श्रेय टोकावरच्या गोळीला, अडखळली तर खापरही तिच्याच माथी. या वस्तूला नावसुद्धा आपण गोळीचंच दिलं, बॉलपेन. पण तिची कुळकथा पाहिली तर गोळी कधीच सापडली होती. घोडं अडलं होतं शाईपाशी.

गोळीचं पहिलं पेटंट १८८८ सालचं, जॉन लाउड या अमेरिकन माणसाचं. त्याला चामड्यासारख्या खरबरीत पृष्ठभागावर खुणा करायच्या होत्या. तिथे ते जमलं, कागदावर नाही. पुढची पन्नासेक वर्षं ज्यांनी ज्यांनी हात घातला, ते एकाच तंट्यात सापडले. शाई पातळ ठेवावी तर गोळीच्या कडेनं पाझरते, घट्ट करावी तर गोळीच फिरत नाही.

तंटा मिटवला तो हंगेरीतल्या लास्लो बिरो या पत्रकारानं. छापखान्यातली शाई कागदावर पडताच सुकते, मग आपल्या पेनातली का पसरावी, हा त्याचा प्रश्न. ती घट्ट शाई साध्या निबेतून उतरेना, म्हणून गोळी आली. म्हणजे शाई आधी ठरली आणि तिच्यासाठी गोळी शोधली गेली. रसायनाची बाजू भाऊ ग्योर्गी बघायचा. १९३८मध्ये पेटंटची सुरुवात झाली, पण ज्यूंना हंगेरीत राहणं अवघड झालं होतं. दोघे भाऊ अर्जेंटिनात पोचले आणि १९४३मध्ये तिथे नवं पेटंट घेतलं. उंचावर शाईचं पेन गळतं म्हणून ब्रिटिश हवाई दलानं त्यांची ३०,००० पेनं घेतली. बिरो आणि भागीदार मेइने यांच्या नावांवरून अर्जेंटिनात बॉलपेनला आजही ‘बिरोमे’ म्हणतात. तिथे आडनावात का होईना, शाई बघणारा भाऊही आला.

ऑक्टोबर १९४५मध्ये न्यूयॉर्कच्या गिंबेल्स दुकानात मिल्टन रेनॉल्ड्सनं साडेबारा डॉलरला बॉलपेन विकायला काढलं. पहिल्याच दिवशी हजारो खपली, आणि मग गळायलाही लागली. न गळणारं स्वस्त पेन १९५०मध्ये फ्रान्समध्ये मार्सेल बिकनं आणलं.

गळती थांबली, पण किंमत बोटांनी मोजली. घट्ट शाईत गोळी फिरवायची तर दाब हवाच. मधल्या बोटाला घट्टा पडायचा, वहीच्या मागच्या पानावर अक्षरं उमटायची. ‘बॉलपेननं अक्षर बिघडतं’ म्हणणारे मास्तर अगदीच चुकीचे नव्हते. (एक मात्र कबूल करायला हवं. पावतीपुस्तकाखाली कार्बन घालायचा असेल तर हाच दाब उपयोगी. शाईच्या पेनाला ते झेपत नसे.)

दाबातून सुटका १९८४मध्ये जपानच्या साकुरा कंपनीच्या जेल पेननं झाली. त्या पाण्याच्या शाईत झँथन गम होता, सॉस दाट करायला वापरतात तोच. त्यामुळे शाई स्थिर असताना घट्ट राहते आणि गोळी फिरली की पातळ होते. नळीत घट्ट, टोकाशी पातळ! पण जेल भराभर संपते, आणि पावसाचा थेंब पडला तर पुष्कळदा पसरते. मग २००६मध्ये जपानी बाजारात आलेल्या जेटस्ट्रीमनं तेलाचीच शाई कमी चिकट करून दाखवली. आज ‘स्मूद’ म्हणून जे मिरवतं त्यातलं बरंचसं याच वाटेवरचं आहे.

तेव्हा दुकानात आधी शाई कोणती ते विचारावं. तीन तासांचा पेपर लिहायचा असेल तर ही नवी हलकी तेलाची. पावतीपुस्तकाला जुनी घट्टच बरी. आकडा त्यानंतर. ०.७ म्हणजे रेघेची नव्हे, गोळीची जाडी. रेघ तिच्याहून बारीकच उमटते. शाई तीच असेल तर खरबरीत कागदावर ०.५ टोचते, ०.७ सरकते.

आणि बिलाच्या पाठीवर विश्वास ठेवू नये. हल्लीचं बिल म्हणजे तुळतुळीत थर्मल कागद. त्यावर कुठलीही रिफिल धावते. शिवाय नव्या रिफिलच्या टोकावर पुष्कळदा मेणाचा थेंब असतो, तो निघेपर्यंतच्या दोन-चार रेघा धरायच्याच नाहीत. मी हल्ली वहीतलं एक पान घडी करून खिशात नेतो. दुकानदार आधी पानाकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि गुपचूप रिफिलींचा सगळा डबाच पुढे ठेवतो.