मुंबईतील मोटारदुरुस्ती : मिस्त्रीच्या कानापासून स्कॅनरपर्यंत

मुंबईतला मोटारदुरुस्तीचा व्यवसाय शहरातल्या मोटार कारखान्यांबरोबर वाढला. जनरल मोटर्सने 1928 साली शिवडीत मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. नुसती जुळवणी करणाऱ्या कंपन्यांना 1953 नंतर देशात थारा उरला नाही; जनरल मोटर्सने 1954 मध्ये गाशा गुंडाळला. पुढची तीसएक वर्षे रस्त्यावर मोजक्याच बनावटीच्या गाड्या होत्या. फियाट 1100 चे 1964 चे रूप 1974 पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकले गेले आणि किरकोळ बदलांसह शतकाच्या अखेरपर्यंत टिकले.

एकाच गाडीची अशी दीर्घ सद्दी मिस्त्रीच्या पथ्यावर पडली. उस्तादाच्या हाताखाली पाने देत शिकलेल्या पोऱ्याला काही वर्षांत ती गाडी तोंडपाठ होई. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि आवाज कुठून येतो ते हेरायचे, ही तपासणीची सर्वमान्य रीत होती.

गिऱ्हाइकाकडे मात्र ना हे ज्ञान होते, ना ते पडताळायचे साधन. टॅपेटचे काम हे त्याचे नमुनेदार उदाहरण. टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांमधली फट फिलर गेजने बसवतात. ती जास्त राहिली तर इंजिन टकटक करते आणि मालक दुसऱ्याच दिवशी तक्रार घेऊन येतो. ती प्रमाणाबाहेर कमी केली तर आवाज बंद होतो, मालक खूश होतो. पण व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि कालांतराने जळतो. म्हणजे दुरुस्तीनंतर आलेला आवाज जसा संशयास्पद, तसा अचानक गेलेला आवाजही.

दुसरा वाद सुट्या भागांचा. आयातीवरच्या निर्बंधांमुळे अस्सल माल दुर्मीळ होता. जुन्या भागांचा बाजार आणि ‘डुप्लिकेट’ माल यांनी ती उणीव भरून काढली. त्यावर मालकांचा उपाय साधा होता: काम संपेपर्यंत गॅरेजात उभे राहायचे आणि काढलेला जुना पार्ट ताब्यात घ्यायचा.

डिसेंबर 1983 मध्ये मारुतीची पहिली गाडी बाहेर पडली आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरचे जाळे पसरू लागले. जॉब कार्ड आणि छापील बिल आले, पण मालक आणि मेकॅनिक यांच्यामध्ये काउंटरही आला. तक्रार एकाला सांगायची, काम दुसऱ्याने करायचे. सर्व्हिसिंगनंतरची खडखड पुष्कळदा क्षुल्लक कारणाने होते: ऑइल बदलताना काढलेल्या खालच्या कव्हरची एखादी क्लिप परत बसलेली नसते. पण ‘पुढून आवाज येतो’ एवढेच कार्डावर उतरले, तर ती क्लिप सापडत नाही आणि नको तो पार्ट बदलला जातो.

कार्ब्युरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली आल्यावर बिघाड शोधायला स्कॅनर लागू लागला. आता अज्ञान मिस्त्रीच्याही वाट्याला आले. सुटे भाग व तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देता बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याविरुद्ध कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्यातही मोटारींचा समावेश आहे.

गिऱ्हाइकाला कायद्याचा आधार मिळाला तो 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने. सदोष दुरुस्ती ‘सेवेतील त्रुटी’ ठरू शकते, हे त्यामुळे मान्य झाले. 2019 च्या कायद्याने राहत्या ठिकाणच्या आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली आणि बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. तरी दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बहुतांशी तक्रारदारावरच राहते. म्हणून आवाज कोणत्या वेगाला, ब्रेक दाबताना की वळताना येतो याची जॉब कार्डावर नोंद, मेकॅनिकला शेजारी बसवून मारलेली ट्रायल, बदललेले जुने भाग आणि तपशीलवार बिल हेच त्याचे मुख्य पुरावे ठरतात.