बाल्ताजी

ऑटोमन राजवाड्यातील कुऱ्हाडधारी सेवक. तुर्कीत 'बाल्ता' म्हणजे कुऱ्हाड. कझाक आणि किरगिझ या भगिनी भाषांतही हाच शब्द आहे. त्याला एखादे काम करणारा किंवा वस्तू बाळगणारा या अर्थाचा 'जी' प्रत्यय लागला. हा 'जी' आदरार्थी नव्हे. मराठीला तो परकाही नाही, कारण फार्सीमार्गे आलेल्या तोपची, मशालची, खजांची या शब्दांतला 'ची' मुळात तोच आहे. ऑटोमन दप्तरात याच सेवकांना फार्सी वळणाने 'तबरदार' म्हणत. त्यात तबर म्हणजे कुऱ्हाड, आणि 'दार' आपल्या भालदार-चोपदारांतला.

सैन्याच्या पुढे जाऊन झाडे तोडायची आणि वाट मोकळी करायची, हे बाल्ताजींचे आरंभीचे काम. पुढे त्यांची पथके इस्तंबूलच्या राजवाड्यांत नेमली गेली. तोपकापी राजवाड्यातील पथकाला 'झुल्फवाले बाल्ताजी' म्हणत. जनानखान्यात सरपण पोचवताना त्यांची नजर आजूबाजूला जाऊ नये म्हणून टोपीपासून गालांवर दोन कृत्रिम बटा सोडलेल्या असत, असे सांगतात. त्यांची राहण्याची इमारत आजही तोपकापीत पाहता येते. युरोपीय लेखक त्यांना सरसकट 'परशुधारी पहारेकरी' म्हणतात, पण त्या वर्णनात लाकूडफाट्याचे कष्ट हरवतात. नाव पडले आहे ते त्या कष्टांवरूनच.

या चाकरीतून माणूस फार वरही चढे. बाल्ताजी मेहमेद पाशा दोनदा वजीर-ए-आझम झाला. 1711 मध्ये प्रुत नदीकाठी त्याने रशियाच्या पीटर द ग्रेटला सैन्यासह कोंडीत पकडले आणि तहावर सोडून दिले. अझोव्हचा किल्ला परत मिळाला, तरी सौम्यपणाचा ठपका येऊन त्याच वर्षी त्याचे पद गेले. राणी कॅथरिनने दागिने देऊन त्याला वश केल्याची कथा लोकप्रिय असली, तरी ती विश्वासार्ह नाही.

अरबीत गेल्यावर शब्दाची प्रतिष्ठा उतरली. कैरोच्या बोलीत 'ज'चा 'ग' होऊन 'बलतगी' झाला आणि त्याचा अर्थ भाडोत्री गुंड असा ठरला. 2011 च्या इजिप्तमधील उठावात तहरीर चौकातील निदर्शकांवर चालून आलेल्या टोळ्यांसाठी त्याचे अनेकवचन 'बलतगिया' जगभरच्या बातम्यांत झळकले. तुर्कस्तानात मात्र बाल्ताजी हे आजही साधे, रूढ आडनाव आहे.