सहा दिवसांचं मौन

एप्रिल २०११. सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कवरच्या सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती घुसखोरांच्या हाती लागली. सेवा २० तारखेला बंद झाली. नावं, पत्ते, पासवर्ड गेल्याचं ग्राहकांना २६ तारखेला कळलं. चोरीइतकाच राग या मौनाचा होता. दुसऱ्याच दिवशी कॅलिफोर्नियात ग्राहकाने खटला भरला.

त्याच २७ एप्रिलला गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा ग्रामसभेला बांबू वाहतुकीचं परवाना-पुस्तक मिळालं. आपल्या जंगलातला बांबू विकायचा हक्क गावाकडे आला. दोन्हीकडे मागणी एकच: आमच्या वस्तूवर आमचा अधिकार.

माहितीचोरी झाल्यास संबंधितांना कळवण्याचं बंधन भारतात २०२३च्या कायद्याने घातलं. ग्राहकाची माहिती कंपनीकडे अमानत असते. ती गेली, तर पहिली खबर मालकालाच मिळायला हवी.