गिझरचे बिल आणि बोअरचे पाणी

मराठवाड्यात घर तापवण्याची वेळ कधी आली नाही. तापवायचे ते अंघोळीचे पाणी. नांदेड-लातूरची थंडी दिवाळीनंतर येते आणि महाशिवरात्रीच्या सुमाराला निघून जाते. तेवढ्यासाठी बऱ्या स्थितीतल्या घरांत तांब्याचा बंब असे, बाकीच्यांकडे चुलीवरचा हंडा. आता त्या जागी भिंतीवर गिझर आला आहे आणि हिवाळ्याच्या तोंडावर एकच तक्रार ऐकू येते, की बंब पिढ्यान्‌पिढ्या टिकले आणि ही यंत्रे दोन-चार वर्षांत मेकॅनिकची धन करतात. तक्रार खोटी नाही, पण खापर चुकीच्या डोक्यावर फुटते आहे. या दोन जिल्ह्यांत गिझरवर होणाऱ्या खर्चाचा मोठा वाटा यंत्राचा नसून पाण्याचा आहे, आणि उरलेला एका विसरलेल्या रिवाजाचा.

बंबाची रचना अगदी सरळ होती. तांब्याचे उभे पिंप, त्यातून आरपार गेलेले नळकांडे, खाली जाळी, बाजूला पितळी तोटी. नळकांड्यात जाळ केला की भोवतीचे पाणी तापे. सरपण शिवारातच मिळे. लातूरकडे तुराट्या, नांदेडकडे पऱ्हाट्या, गोवऱ्या दोन्हीकडे. बिघाड झाला तर डोळ्यांना दिसे. तोटी ठिबकते, सांधा उकलतो, नळकांडे झिजून भोक पडते; तांबट डाग देई आणि काम भागे. बंब पार निकामी झाला तरी तांबे मोडीच्या भावाने वजनावर जाई, त्यामुळे दुरुस्ती किती करायची याला आपोआप मर्यादा पडे. अर्थात हा हिशेब मांडताना हेही सांगायला हवे, की तांब्याचा बंब मुळातच महाग वस्तू होती. त्याच्या टिकाऊपणाचे पैसे घेतानाच मोजलेले असत.

आता पाण्याकडे वळू. या प्रदेशाचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. त्याच्या भेगांत साठलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात, आणि पाणी तापले की त्यांतला चुना बाहेर पडून पांढरा थर धरतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे; दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतले जाते. लातूर शहराची भिस्त मांजरा नदीवरच्या धनेगावच्या धरणावर. ते आटले की शहर बोअर आणि टँकरवर येते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आणावे लागले. 12 तारखेला पोचलेल्या पहिल्या गाडीत 10 वाघिणींतून सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. ही टंचाई साऱ्या देशाने पाहिली. गिझरच्या टाकीत जमणारा थर हे तिचेच घरगुती रूप, पण त्याची बातमी होत नाही. नांदेडला गोदावरीवरच्या विष्णुपुरीचा आधार आहे, तरी नळ न पोचलेल्या वस्त्यांत तिथेही बोअरच चालते.

कोणी म्हणेल, आडाचे पाणी तरी कुठे मऊ होते? नव्हतेच. डाळ शिजत नाही ही तक्रार गिझरपेक्षा फार जुनी आहे. पण बंबाला कठीण पाणी सोसत असे. आत थर बसला तर चार तुराट्या जास्त जळत, इतकेच. गिझरमध्ये उष्णता देणारी कांडीच पाण्यात बुडालेली असते. तिच्यावर थर चढला की उष्णता बाहेर पडत नाही, कांडी आतल्या आत तापते आणि एके दिवशी जळते. म्हणजे तोच दोष बंबात सरपणाच्या रूपाने हळूहळू वसूल होई, इथे तो एकरकमी बिल होऊन येतो. शिवाय बऱ्याच वॉरंटी-पत्रांत क्षारांमुळे झालेला बिघाड वगळलेला असतो, तो भाग वेगळाच.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: बंबाचे गोडवे गाणाऱ्याने पहाटे उठून तो पेटवणाऱ्या बाईला विचारावे. हे मान्यच करायला हवे. धूर, राख, लाकूडफाटा हा खर्च कोणत्याच वहीत लिहिला गेला नाही. वीस लिटर पाणी 20 अंशांवरून 50 अंशांवर नेण्यास जेमतेम पाऊण युनिट वीज लागते, आणि त्या कष्टांपुढे ती स्वस्तच आहे. त्यातच शिवारात सोयाबीन पसरले. त्याच्या काडाला तुराटीसारखा जाळ नाही. बंब परत येणार नाही आणि येऊही नये.

मात्र बंबासोबत त्याचे वेळापत्रकही गेले. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाआधी बंब चिंच आणि राखेने घासून लख्ख होई. हेतू सणाचा, पण थंडी सुरू होण्याआधी प्रत्येक सांध्यावरून हात फिरे आणि गळती नजरेस पडे. आगगाडीच्या वाफेच्या इंजिनांचे बॉयलरही ठरावीक मुदतीने धुतले जात, कारण थराची किंमत रेल्वेला ठाऊक होती. गिझर मात्र बंद पडेपर्यंत कोणी उघडत नाही. टाकीला गंजापासून वाचवण्यासाठी स्वतः झिजणारी मॅग्नेशियमची कांडी आत असते, हेही अनेक घरांत टाकी फुटल्यावरच कळते. दिवाळीआधी टाकी उघडून थर काढणे आणि ही कांडी पाहणे, एवढ्या कामाची मजुरी नव्या टाकीच्या मानाने किरकोळ असते. ज्या घरात बोअरचे पाणी आहे त्याने ती गिझरच्या किमतीतच धरावी.